जकात नाक्यावरचा चित्रकार : आंरी रूसो

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा.

रात्रीची वेळ आहे. आकाशात पूर्ण चंद्र आणि मोजक्या चांदण्या आहेत. खाली ओसाड वाळवंट, पलीकडे पाण्याचा पट्टा आणि त्यामागे डोंगरांची रांग. वाळूवर एक काळीसावळी भटकी स्त्री गाढ झोपली आहे. तिच्या अंगात रंगीबेरंगी पट्ट्यांचा पायघोळ झगा आहे, हातात काठी आहे, शेजारी मेंडोलिन आणि पाण्याची सुरई ठेवलेली आहे. आणि तिच्या अगदी खांद्याशी एक मोठा सिंह उभा आहे. त्याची शेपटी ताठ आहे, डोळा गोल उघडा आहे आणि नाक तिच्या अंगाजवळ आहे. तो तिचा वास घेतो आहे.

आता पुढे काय होईल?

हा प्रश्न कुठल्याही वर्गात विचारा, लगेच दोन तट पडतात. काही मुले म्हणतात, सिंह तिला खाणार. काही म्हणतात, नाही, तो तिची राखण करतो आहे. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणते, की सिंह खरा नाहीच, तो तिच्या स्वप्नातला आहे. मोठमोठ्या कलासमीक्षकांनीही गेल्या शंभर वर्षांत यापेक्षा फार वेगळे असे काही सांगितलेले नाही.

या चित्राचे नाव 'निद्रिस्त जिप्सी'. ते १८९७ साली रंगवले गेले. ते सुमारे दोन मीटर रुंद आणि एक मीटर तीस सेंटिमीटर उंच आहे. आज ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयात आहे. ते रंगवणाऱ्या माणसाने कोणत्याही चित्रशाळेत शिक्षण घेतलेले नव्हते. तो वाळवंटात कधी गेला नव्हता आणि मोकळा सिंह त्याने कधी पाहिला नव्हता. आयुष्याची बावीस वर्षे त्याने पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी केली होती. त्याचे नाव आंरी रूसो. इतिहासाच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात भेटणारा रूसो तो हा नव्हे. तो विचारवंत शतकभर आधी होऊन गेला. आपला रूसो साधा नोकरदार होता, आणि त्याचीच गोष्ट या अंकात सांगायची आहे.

पत्र्याच्या कारागिराचा मुलगा

रूसोचा जन्म २१ मे १८४४ रोजी फ्रान्सच्या वायव्य भागातील लाव्हाल या गावी झाला. वडील पत्र्याच्या वस्तू बनवणारे कारागीर होते. पुढे कर्ज डोईजड झाले, राहते घर गेले आणि कुटुंबाला गाव सोडावे लागले. मुलाला मात्र शाळेच्या वसतिगृहात मागे ठेवले. अभ्यासात तो बेताचाच होता, पण चित्रकला आणि संगीत या दोन विषयांत त्याला बक्षिसे मिळाली.

थोर माणसांची चरित्रे सांगताना आपण नको त्या गोष्टी गाळतो. येथे तसे करणार नाही. रूसो एकोणीस वर्षांचा असताना आंजे शहरात एका वकिलाच्या कचेरीत काम करत होता. तेथे त्याने दोन सोबत्यांबरोबर थोडे पैसे आणि काही तिकिटे चोरली. प्रकरण उघडकीस आल्यावर तो सैन्यात भरती झाला, तरी महिनाभराची कैद चुकली नाही. पुढची काही वर्षे तो पायदळात होता. १८६८ साली वडील वारले, तेव्हा विधवा आईला आधार देण्यासाठी तो सैन्यातून सुटला आणि पॅरिसला आला.

पुढच्याच वर्षी क्लेमांस बुआतार या मुलीशी त्याचे लग्न झाले. संसार झाला, पण त्यात दुःखच अधिक होते. त्यांची बहुतेक मुले लहानपणीच गेली. क्लेमांसही १८८८ मध्ये गेली. शेवटी बापाच्या मागे उरली ती ज्युलिया ही एकच मुलगी.

नाक्यावरची नोकरी

१८७१ च्या सुमारास रूसोला पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी लागली. आपल्याकडे शहरांच्या वेशीवर जे जकात नाके असत, ते पालकांना आणि आजी-आजोबांना चांगले आठवत असतील. ट्रकच्या रांगा, पावत्या फाडणारे कारकून, रात्रपाळीचे दिवे. पॅरिसलाही तसेच नाके होते. शहरात येणाऱ्या मालावर तेथे कर घेतला जाई. रूसो तेथे खालच्या दर्जाचा कर्मचारी होता. माल तपासायचा, चोरून येणाऱ्या मालावर नजर ठेवायची, नोंद करायची, हे त्याचे काम. पुढे मित्रांनी त्याचे नाव पाडले 'द्वानिए', म्हणजे सीमाशुल्क अधिकारी. हे पद त्याच्या खऱ्या हुद्द्यापेक्षा बरेच मोठे होते. थट्टेने मिळालेली ही बढती त्याला जन्मभर चिकटली. आजही कलेच्या पुस्तकांत तो 'द्वानिए रूसो' म्हणूनच ओळखला जातो.

नोकरीच्या मोकळ्या वेळात तो चित्रे काढू लागला. तो स्वतः सांगे, की वयाच्या चाळिशीपर्यंत आपल्याला कलेकडे नीट वळता आले नाही. १८८४ साली त्याने लूव्र संग्रहालयातील जुन्या चित्रांच्या नकला करण्याचा परवाना मिळवला. मोठमोठ्या चित्रांसमोर बसून हा जकात खात्यातला माणूस आपला हात घटवू लागला. त्याचे आदर्श कोण होते? जेरोम, बुगरो यांच्यासारखे त्या काळचे मानाचे, सरकारमान्य, हुबेहूब चित्रे काढणारे चित्रकार. ही गोष्ट ध्यानात ठेवा. रूसोला काही वेगळे, विचित्र करून दाखवायचे नव्हते. त्याला त्यांच्यासारखेच व्हायचे होते.

ते त्याला जमले नाही. सरकारी प्रदर्शनाचे दार त्याला उघडले नाही. पण १८८४ मध्ये काही चित्रकारांनी स्वतंत्र कलावंतांचे एक नवे प्रदर्शन सुरू केले होते. त्यात परीक्षक मंडळ नव्हते. वर्गणी भरली की कोणालाही आपली चित्रे टांगता येत. १८८६ पासून रूसो तेथे जवळजवळ दरवर्षी चित्रे पाठवू लागला. आणि जवळजवळ दरवर्षी लोक त्याच्या चित्रांसमोर जमून पोट धरून हसू लागले. पाय जमिनीला टेकलेले दिसत नाहीत. जवळची वस्तू आणि दूरची वस्तू सारख्याच ठसठशीत. माणसांचे चेहरे मुखवट्यासारखे. वर्तमानपत्रांतून लहान मुलाने काढलेली चित्रे म्हणून थट्टा झाली. असे सांगतात, की रूसो या बातम्यांची कात्रणे जपून वहीत चिकटवून ठेवी. वाईट बोलणारी कात्रणेसुद्धा.

वादळातला वाघ

१८९१ साली त्याने जंगलाचे पहिले मोठे चित्र रंगवले. नाव दिले 'अचानक!'. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जंगलात वादळ सुटले आहे. विजा चमकत आहेत, झाडे वाकली आहेत, पावसाच्या तिरप्या बारीक रेघांनी सगळे चित्र भरून गेले आहे. आणि उंच गवतात एक वाघ दबा धरून बसला आहे. त्याचे डोळे विस्फारले आहेत, दात दिसत आहेत.

हा वाघ कोणावर झडप घालणार आहे, की विजेच्या कडकडाटाने स्वतःच दचकला आहे? चित्राच्या नावावरून दोन्ही अर्थ निघतात. पुढे रूसोने सांगितले, की वाघ प्रवाशांच्या एका टोळीवर झेप घेणार आहे. पण ते प्रवासी चित्रात कोठेच नाहीत. म्हणून आजही पाहणाऱ्याला वाटते, की हा वाघ शिकारी कमी आणि घाबरलेले जनावर अधिक आहे. चित्रकाराने सांगितलेला अर्थ एक, आणि चित्र स्वतः सांगते ते दुसरे. चित्राचा अर्थ लावताना असे अनेकदा घडते. चित्रकाराचे म्हणणे जरूर ऐकावे, पण शेवटी डोळ्यांसमोर जे आहे तेच पाहावे.

या वाघाला पाहून सगळेच हसले नाहीत. फेलिक्स व्हालोतों या तरुण स्विस चित्रकाराने वर्तमानपत्रात लिहिले, की हे चित्र चुकवू नये, आणि आजूबाजूची सगळी चित्रे त्यापुढे फिकी पडतात. रूसोचे वय तेव्हा सत्तेचाळीस होते.

जंगल आले कोठून?

रूसोच्या जंगलांविषयी एक कथा पुढे फार पसरली. तरुणपणी तो फ्रेंच फौजेबरोबर मेक्सिकोला गेला होता आणि तेथली अरण्ये त्याच्या मनात राहिली, अशी ती कथा. कवी गियोम अपोलिनेर याने ती हौसेने रंगवून सांगितली आणि रूसोनेही ती फारशी खोडली नाही. पण ती खरी नाही. रूसो फ्रान्सच्या बाहेर कधीच गेला नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी त्याने एका समीक्षकाला सांगितलेही, की पॅरिसच्या वनस्पती उद्यानातील काचघरांपलीकडे आपला प्रवास झालेला नाही.

ते उद्यान म्हणजे 'जार्दें दे प्लांत'. तेथे काचघरांत उष्ण प्रदेशांतील झाडे वाढवलेली होती, शेजारी प्राणिसंग्रहालय होते आणि निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी मांडलेले होते. रूसो तेथे वारंवार जाई. त्याच्याजवळ वन्य प्राण्यांच्या चित्रांचा एक छापील संग्रहही होता, त्यातून तो प्राण्यांच्या आकृत्या घेई. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात दूरदूरच्या देशांची दालने उभारली होती. तीही त्याने पाहिली आणि त्यावर एक विनोदी नाटकही लिहिले.

म्हणजे काचघरातले पान, संग्रहालयातला पेंढ्याचा सिंह आणि पुस्तकातला वाघ, एवढ्या सामग्रीवर त्याने आपले जंगल उभे केले. कुंडीतले पान त्याच्या चित्रात झाडाएवढे होते. फुले माणसाच्या डोक्याएवढी होतात. सिंह खरे तर मोकळ्या गवताळ प्रदेशात राहतो, पण रूसोचा सिंह घनदाट अरण्यात फिरतो. भूगोलाच्या शिक्षकांनी हे चित्र तपासले तर लाल शाईच्या खुणा पुष्कळ होतील. तरीसुद्धा एकदा पाहिलेले हे जंगल विसरता येत नाही, कारण ते कोणत्याही देशातले नाही. ते ऐकलेल्या गोष्टींचे आणि स्वप्नांचे जंगल आहे.

काम करण्याची त्याची पद्धत मात्र स्वप्नाळू नव्हती. त्याला काम करताना पाहिलेले लोक सांगत, की तो एक रंग घेई, त्या रंगाच्या सगळ्या जागा भरी, मग दुसरा रंग घेई. एकेक पान वेगळे, एकेक पान स्वच्छ कडेचे. हिरव्या रंगाच्या कितीतरी छटा. जकात खात्यात रोजच्या नोंदी बिनचूक ठेवणारा हात येथेही दिसतो.

नाकारलेले चित्र

१८९३ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, रूसोने नोकरी सोडली. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. म्हणून तो व्हायोलिन आणि चित्रकलेच्या शिकवण्या करू लागला. प्रौढांसाठी चालणाऱ्या एका शिक्षण संस्थेत शिकवण्याचे कामही त्याने केले. घरभाडे थकत असे. रंगवाल्याची उधारी चाले.

अशा दिवसांत १८९७ मध्ये 'निद्रिस्त जिप्सी' हे चित्र झाले. त्याच वर्षी त्याचा तरुण मुलगाही गेला. पुढच्या वर्षी रूसोने आपल्या जन्मगावाच्या महापौरांना पत्र लिहिले. गावच्या एका मुलाची आठवण म्हणून हे चित्र नगरपालिकेने विकत घ्यावे, अशी त्याची विनंती होती. किंमत सांगितली अठराशे ते दोन हजार फ्रँक. त्याच पत्रात त्याने चित्राचे वर्णनही केले. एक भटकी वादक स्त्री थकून झोपली आहे, सिंह योगायोगाने तेथून जात असता तिचा वास घेतो, पण तिला खात नाही. चांदण्याचा परिणाम अतिशय काव्यमय आहे.

नगरपालिकेने चित्र घेतले नाही.

महापौरांना दोष देणे आज सोपे आहे. पण त्यांच्या जागी बसून पाहा. निधी लोकांचा, चित्रकार हसण्यावारी नेला जाणारा, आणि चित्रातल्या बाईकडे नीट पाहिले तर ती वाळूवर झोपली आहे की वाळूवरून घसरते आहे, हेच कळत नाही. समंजस माणसाने तेव्हा नाहीच म्हटले असते. चांगल्या हेतूने आणि पूर्ण जबाबदारीने घेतलेला निर्णयसुद्धा चुकू शकतो, याचे हे उदाहरण आहे. पुढे ते चित्र नजरेआड झाले. आज लाव्हालमध्ये साध्या, अशिक्षित हाताच्या चित्रकलेचे खास संग्रहालय आहे. १९६७ मध्ये ते सुरू झाले, आणि त्याची प्रेरणा रूसोच आहे. पण 'निद्रिस्त जिप्सी' मात्र समुद्रापलीकडे आहे.

शेवटची वर्षे

१९०५ च्या शरद ऋतूतील प्रदर्शनात त्याचे तीन मीटर रुंदीचे एक चित्र लागले. त्यात भुकेलेला सिंह हरणावर तुटून पडला आहे. त्याची मूळ मांडणी निसर्गविज्ञान संग्रहालयातील पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या देखाव्यावरून घेतलेली होती. त्याच प्रदर्शनात मातीस आणि त्याच्या सोबत्यांची भडक रंगांची चित्रे होती. लुई वोसेल या समीक्षकाने त्यांना रानटी जनावरे म्हटले आणि तेच नाव त्या चित्रपंथाला पडले. ज्यांना जनावरे म्हटले ते सगळे तरुण शहरी चित्रकार होते, आणि ज्याने खरोखरच जनावर रंगवले होते तो एक साठीचा म्हातारा होता.

आता तरुण कलावंत त्याच्याकडे येऊ लागले. रोबेर दलोने हा चित्रकार त्याचा जवळचा मित्र झाला. दलोनेच्या आईने १९०७ मध्ये त्याच्याकडून 'गारुडीण' हे चित्र करवून घेतले. चंद्रप्रकाशात नदीकाठी उभी राहून एक काळी आकृती बासरी वाजवते आहे आणि झाडांतून साप तिच्याकडे सरकत आहेत.

पण त्याच वर्षी रूसो पुन्हा अडचणीत आला. एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून तो बँकेच्या फसवणुकीच्या प्रकरणात सापडला. डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली. १९०९ च्या जानेवारीत खटला चालला. त्याच्या वकिलाने तो किती भोळा आहे हे पटवण्यासाठी त्याचे एक चित्रच न्यायालयात दाखवले. शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवण्यात आली आणि दंडावर भागले. तो खरोखर भोळा होता, की भोळेपणाचा उपयोग करून घेणारा होता, यावर अजून वाद आहेत. थोडे दोन्ही असावे.

या दोन घटनांच्या मध्ये एक आनंदाची संध्याकाळ आहे. पाब्लो पिकासोला एका जुन्या बाजारवाल्याकडे रूसोने काढलेले एका स्त्रीचे मोठे चित्र अवघ्या पाच फ्रँकांना मिळाले. दुकानदाराने ते कापडाच्या किमतीत विकायला काढले होते, वरून दुसरे चित्र रंगवता येईल म्हणून. पिकासोने ते जन्मभर जवळ ठेवले. १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने आपल्या मोडक्या स्टुडिओत रूसोच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. जेवण सांगताना दिवस चुकल्यामुळे जेवण आलेच नाही, तेव्हा घरीच भात शिजवून वेळ भागवली. रूसोला उंच आसनावर बसवले. वर टांगलेल्या कंदिलाचे मेण त्याच्या डोक्यावर ठिबकत राहिले आणि तो न हलता बसून राहिला. मग त्याने व्हायोलिन वाजवले. पाहुण्यांपैकी काहीजण सन्मान करत होते, काहीजण गंमत बघत होते. रूसो मात्र मनापासून सुखावला होता.

१९१० च्या वसंतात त्याने 'स्वप्न' हे आपले शेवटचे भव्य चित्र प्रदर्शनात मांडले. जंगलाच्या मधोमध एक कोच आहे आणि त्यावर एक स्त्री पहुडली आहे. भोवती सिंह, हत्ती, पक्षी आणि बासरी वाजवणारा. जंगलात कोच कसा, असे लोकांनी विचारले. रूसोचे उत्तर सरळ होते. ती स्त्री आपल्या घरी कोचावर झोपली आहे, आणि स्वप्नात ती या अरण्यात पोचली आहे. यावेळी हसणारे कमी होते.

त्याच वर्षी पायाची जखम चिघळली. २ सप्टेंबर १९१० रोजी पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात त्याचे निधन झाले. अंत्ययात्रेला सात माणसे होती. गरिबांच्या दफनभूमीत त्याला पुरले. नंतर मित्रांनी वर्गणी काढून चांगली जागा घेतली. अपोलिनेरने कबरीसाठी कविता लिहिली आणि शिल्पकार ब्रांकुशीने १९१३ मध्ये ती दगडात कोरली. १९४७ मध्ये त्याच्या अस्थी लाव्हालला नेण्यात आल्या. चित्र गेले नाही, पण चित्रकार अखेर गावी परतला.

सिंह तिला का खात नाही?

१९२४ साली 'निद्रिस्त जिप्सी' पॅरिसमध्ये पुन्हा सापडले. ते शोधणारा तोच समीक्षक लुई वोसेल. चित्र इतके विलक्षण होते, की कोणीतरी नंतर बनवलेले नकली चित्र आहे अशी कुजबुजही झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी कवी आंद्रे ब्रेताँ याने अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. स्वप्न आणि जागेपण यांच्यातली भिंत पाडणे, हे या पंथाचे ध्येय. त्यांना रूसोमध्ये आपला पूर्वज सापडला. म्हणून या चित्राला पुष्कळदा अतिवास्तववादी म्हटले जाते. मात्र हा शब्द रूसोने कधी ऐकलाही नव्हता. त्याला जाऊन चौदा वर्षे झाली होती.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येऊ. अर्थ लावण्याआधी नीट पाहू. चित्रात काय आहे ते आपण पाहिले. काय नाही, तेही पाहा. वाळूवर पावलांचे ठसे नाहीत. ना त्या स्त्रीचे, ना सिंहाचे. मऊ वाळूतून चालत आलेल्या दोघांच्या मागे खूण राहिलेली नाही. म्हणजे ते कोठून आले नाहीत, ते तेथे फक्त आहेत. स्वप्नातली माणसे अशीच असतात. ती चालत येत नाहीत, एकदम समोर असतात. मागच्या बाकावरच्या मुलाचे म्हणणे येथे खरे ठरते.

पण राखण म्हणणाऱ्यांचेही चूक नाही. सिंहाची आयाळ चांदण्यात विंचरल्यासारखी दिसते, त्याचा पंजा उगारलेला नाही. आणि भीती वाटणाऱ्यांचेही बरोबर आहे, कारण पुढच्या क्षणी काय होईल ते चित्र सांगत नाही. तो क्षण रूसोने तेथेच थांबवला आहे.

मला स्वतःला या चित्रात आणखी एक गोष्ट दिसते. ती स्त्री गरीब आहे, वादक आहे, थकलेली आहे. रूसोही गरीब होता, व्हायोलिन वाजवून पोट भरत होता, घरातली एकेक माणसे गमावून थकला होता. त्याच्या उशाशी जगाचा सिंह रोज उभा राही. कधी टीका, कधी उधारी, कधी हसू. आणि तरी त्याने रंगवला तो न खाणारा सिंह. हा माझा अर्थ आहे. तुमचा वेगळा असू शकतो. फक्त तो चित्रातूनच दाखवून द्या, एवढीच अट.

जाता जाता एक गोष्ट. 'गारुडीण' हे चित्र दलोनेने १९२२ मध्ये जाक दूसे या संग्राहकाला विकले. पुढे ते लूव्र संग्रहालयाला मिळावे, अशी त्याची अट होती. ब्रेताँ तेव्हा दूसेचा सल्लागार होता. दूसेने शब्द पाळला आणि मृत्युपत्रात ते चित्र राष्ट्राला दिले. १९३६ मध्ये ते लूव्रमध्ये दाखल झाले. आता ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे. ज्या इमारतीत तो परवाना घेऊन दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला करत बसे, त्याच इमारतीत त्याचे चित्र पोचले.

पालकहो, मुलाच्या वहीतल्या वाघाचे पाय जमिनीला टेकले नाहीत, तर ते टेकवायला त्याला जरूर शिकवा. रूसोलाही ते शिकायचेच होते. पण रबर हातात देण्यापूर्वी एकदा विचारा, की हा वाघ कोठे निघाला आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत घरच्या कुंडीतले एक पान घ्या आणि ते कागदभर मोठे काढा. मग त्याच्यामागे कोण लपले आहे, ते पाहा.